शुभेच्छुक : समस्त नदीकाठ

20 जुलै 2023 च्या सकाळी महाराष्ट्रातल्या असंख्य मोबाइलांनी एकदम किंकाळी फोडली. पडद्यावर इशारा आला, तोही ‘गंभीर’. खाली खुलासा होता की ही दूरसंचार विभागाची चाचणी आहे, आपण काहीही करायचं नाही. आदल्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला होता. दोन दिवसांनी, 22 जुलैला, यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात आनंदनगरला पुरानं वेढलं आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. चाचणीबद्दल मात्र कोणाची तक्रार नाही. फोन वाजायला हवे होते, ते वाजले.

आमच्या जिल्ह्याची अडचण अशी की इथल्या माणसाला ‘गंभीर’ हे काही नवीन नाही. पाऊस गंभीर, कापसाचा भाव गंभीर, पालकमंत्री आले की तेही गंभीर. त्याला विचारायचं असतं एवढंच, की कोणत्या पुलावर पाणी आहे? 28 सप्टेंबर 2021 ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात एसटी वाहून गेली, माणसं गेली. तो पूल दिल्लीच्या उपग्रहाला दिसत असेलही, पण पाणी पुलावरून किती हात वाहतंय ते पलीकडच्या टपरीवाल्याला आधी कळतं. आणि टपरीवाल्यानंतर कळतं ते केबलवाल्याला, कारण त्याची वायर त्याच नाल्यावरून गेलेली असते.

या केबलवाल्याकडे स्वतःची लोकल वाहिनी असते, म्हणजे इशारा द्यायची सोयही असते. अमेरिकेत 1984 च्या कायद्यानं गावाला केबलवर स्वतःसाठी वाहिनी मागून घेता येते, आणि आणीबाणीचा इशारा केबल कंपन्यांनाही दाखवावाच लागतो. 2013 साली तिथल्या मोंटाना राज्यात कोणीतरी ही इशारा-यंत्रणा फोडून ‘मेलेली माणसं थडग्यांतून उठून हल्ला करत आहेत’ असा इशारा प्रसारित केला. आमच्या लोकल वाहिनीवर मेलेली माणसं वर्षातून एकदाच येतात, पुण्यस्मरणाला, हार घालून, आणि कोणावर हल्ला करत नाहीत.

बाकीचा वेळ वाढदिवसांचा. पडद्याच्या खालच्या पट्टीवर भावी नगरसेवक सरकत असतात, त्यांच्यामागे साड्यांचा सेल, त्यामागे शिकवणीवर्गातले टॉपर. नवरात्रात तर यवतमाळच्या दुर्गोत्सवापुढे पट्टीला श्वास घ्यायला जागा नसते. मध्येच ‘धरणाचे दरवाजे उघडणार’ घुसवायचं म्हणजे कोणाच्या तरी भाऊसाहेबांना खाली उतरवायचं. एवढी हिंमत कोणात आहे राजेहो?

सरकारचं या वाहिनीकडे लक्ष नाही असं कोणी म्हणू नये. नोव्हेंबर 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिचं नाव ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’. नोंदणीचे हजार रुपये भरायचे, ते नाव पडद्यावर दिसत राहायला हवं, आणि चित्रण 90 दिवस जपून ठेवायचं. म्हणजे पूर येऊन गेल्यावरही तीन महिने सरकारला तपासता येईल, की त्या दिवशी वाढदिवस नेमका कोणाचा होता. मोठ्या वाहिन्यांची तऱ्हा उलटी. त्यांनी मे 2025 मध्ये, भारत-पाक संघर्षाच्या वेळी, हवाई हल्ल्याचा भोंगा इतका वाजवला, की गृह मंत्रालयालाच सांगावं लागलं, पुरे करा, लोकांना सवय लागेल.

शिवाय आमच्याकडे ढग नुसते जमले तरी वीज जाते. इशारा पडद्यावर यायच्या आत पडदा जातो, मग सेट टॉप बॉक्स, मग मोबाइलचा टॉवर. शेवटी कोतवालच छत्री घेऊन ओरडत निघतो. त्याला रिचार्ज लागत नाही. मानधन वेळेवर लागतं, पण तो विषय आणीबाणीत मोडत नाही.

म्हणून आमच्या केबलवाल्या भाऊला मी तोडगा सुचवला. इशारा नको, शुभेच्छाच लावा : ‘पैनगंगेचे लाडके, इसापूर धरण यांनी पूर्ण पातळी गाठल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. आज रात्री साहेब खाली येत आहेत, तरी सर्वांनी उंचावर उपस्थित राहावे. शुभेच्छुक : समस्त नदीकाठ.’ भाऊला मजकूर आवडला.

“लावतो न भाऊ,” तो म्हणाला, “फक्त साहेबाचा एक चांगला फोटो पाठवा. अन् खाली कोनाकोनाचे फोटो टाकाचे, थे आधी ठरवा. मांगच्या बारीले एक नाव राह्यलं, तं पोट्टे वायर कापून गेल्ते.”