प्रकरण पहिले: ६ जानेवारी १८३२

पत्रकारितेच्या विद्यार्थ्याचा प्रबंध उघडला की पहिल्याच पानावर बाळशास्त्री जांभेकर भेटतात. ६ जानेवारी १८३२, 'दर्पण', मराठी-इंग्रजीचे शेजारी-शेजारी रकाने, खाली पगडीतले चित्र. पान उलटले की 'लोकशाहीचा चौथा स्तंभ' उभा. उरलेल्या तिघांची वास्तपुस्त कुणीच करत नाही. शेवटी 'समाजप्रबोधनाची नितांत गरज' आणि मार्गदर्शक म्हणून माझी सही.

गंमत म्हणजे प्रबंधात शिरला की माणूस आजोबाच होतो. एरवी 'दर्पण' काढला तेव्हा बाळशास्त्री विशीच्या आसपासचे. 'केसरी' सुरू होऊन दीड वर्ष होते न होते तोच, १८८२ साली, कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले, तेव्हा दोघेही सव्विशीचे. शिक्षा चार महिन्यांची, सुटका १०१ दिवसांनी. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, तेही मिश्किल! आमची मुले जवळपास त्याच वयाची. त्यांना घोर एकच, हजेरी पंचाहत्तर टक्के भरेल ना? (भरते. कशी भरते, हा शोधपत्रकारितेचा विषय आहे.)

यंदा एक मुलगी मात्र खरोखरच ग्रंथालयात जाऊन बसली. जुन्या फायली अशा की पान उलटताना कडा पापडासारखी मोडते आणि तुकडे हळूच टेबलाखाली ढकलावे लागतात. अग्रलेख सोडून ही जाहिराती उतरवून घेत होती.

"सर, अग्रलेख सगळ्यांनी वाचलेत. कोण काय विकत होतं, ते कुणीच लिहिलेलं नाही."

मी म्हटले, "मग न छापलेली जाहिरातही घे. १९२० साली बाबासाहेबांचं 'मूकनायक' निघणार होतं. पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'नं त्याची जाहिरात घेतली नाही. वृत्तपत्राची समाजातली भूमिका म्हणतात ना, ती अशा ठिकाणी सापडते."

तिने वहीत लिहून घेतले. मग पेन थांबले.

"पण सर, तळटीपेत पान नंबर काय देऊ?"

मी ठरलेला नमुना काढून पाहिला. पृष्ठक्रमांकाचा रकाना सक्तीचा आहे.