अर्धविरामाचा लळा

माझं वाक्य पानाच्या माथ्यावर निघालं की पायथ्याशी पोचेपर्यंत थांबत नाही. वाटेत दोन कंस आणि एखादं 'किंबहुना' लागतंच. याला लोकांनी शैली म्हणावं अशी माझी फार इच्छा आहे. लोक 'अभ्यासपूर्ण' म्हणतात. म्हणजे वाचलेलं नसतं.

याला जबाबदार मेजर कँडी. आपल्या मोडीत विरामचिन्हं नव्हती, दोन शब्दांत जागाही सोडत नसत. कारकून बोरू न उचलता लिहीत सुटायचा. वाक्य कुठे संपलं ते वाचणाऱ्याने बघून घ्यावं. कँडीसाहेबांनी मराठीत विरामचिन्हं रुजवली, 1850 साली त्यावर पुस्तकही काढलं. त्यांतला स्वल्पविराम कुणीही वापरतो, त्यात कसलं कौतुक? पूर्णविराम तर निव्वळ अरसिक. पण अर्धविराम! वाक्य संपूनही संपत नाही. लेखकाला आणखी काही सुचलंय अशी वर्दी मिळते. आणि मला तर कायमच सुचलेलं असतं. शिवाय छापल्यावर तो दिसतोही किती विद्वान!

माझी हक्काची वाचक म्हणजे मावशी. परवा मी लिहिलेला मृत्युलेख तिने बोट ठेवून वाचला आणि विचारलं, "म्हणजे गेले ना रे ते?"

मग तिने स्वतःचा कागद पुढे केला. पेन्शनचा. 'उपरोक्त विषयास अनुसरून, सदर दाखला विहित मुदतीत सादर न केल्यास...' घड्या उलगडून उलगडून कागद मधोमध विरला होता. अर्थ एवढाच, की नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्या, नाहीतर पैसे थांबतील. पंचाहत्तरीच्या बाईला जिवंत असल्याचं कळवायला सांगायचं, तेही तिला कळणार नाही अशा बेताने! माझं डोकंच फिरलं.

महानुभाव पंथातल्या केशोबासांनी संस्कृतात लिहायचं काढलं तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, अशाने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील म्हणून. पंथाच्या 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात ही हकिकत आहे. सातशे वर्षांपूर्वी एका आचार्याला म्हाताऱ्यांची काळजी होती. आमचे साहेब 'उपरोक्त' लिहून चहाला जातात. आणि खरं सांगायचं तर, त्या मसुद्यातला 'अनुसरून' मलाही जरा आवडला होता.

मी कागदामागे मावशीसाठी लिहिलं : 'नोव्हेंबर संपायच्या आत बँकेत जा. पासबुक आणि आधार कार्ड ने. तिथे सही कर.' 'किंबहुना' ओठांवर आलं होतं, गिळलं.

मावशीने एका दमात वाचलं. चेहरा खुलला.

"किती छान लिहिलंय रे! कुणाकडून लिहून घेतलंस?"