दोन लिटरचं लाभक्षेत्र

आमच्या कॉलनीत नळाला दिवसाआड पाणी येतं. आमच्या गाडीला मात्र चोवीस तास येत होतं.

पुढच्या काचेवर पाणी उडवायला बॉनेटवर जी दोन नोजलं असतात, ती दिवाळीनंतर रडायला लागली. दांडी ओढली की फवारा काचेवर जायचा सोडून पाणी बॉनेटच्या कडेने ओघळायचं. रात्री गाडी गप्प उभी असताना, दांडीला कुणी हात न लावताही, थेंब थेंब चालूच. सकाळी टाकी रिकामी.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाने हे सोडून दिलं असतं. पण मी नगरचा. (कागदोपत्री 2024 पासून अहिल्यानगर, तोंडातून अजून नगरच निघतं.) आमच्याकडे रात्री नळ ठिबकला तर माणूस उठून खाली बादली लावतो आणि मग झोपतो. शहरात रणगाड्यांचं संग्रहालय आहे, उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात. टँक आणि टँकरच्या या जिल्ह्यात मला दोन लिटरची एक टाकी सांभाळता येऊ नये?

त्यात हंगाम उसाचा. तोड सुरू झाली की राहुरी-श्रीरामपूरकडे गाडी चालवणं म्हणजे ट्रॉलीच्या मागे धुरळ्यात पोहणं. काचेवर आधी धूळ, तिच्यावर चिलटं, आणि कोरडा वायपर फिरवला की दोघांचं मिळून पिठलं, तेही खाली लागलेलं.

गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच निदान केलं. "सर, पूर्ण सेट बदलावा लागेल." आकडा ऐकून मी घरगुती उपचारांकडे वळलो. नोजलांच्या बुडाशी एमसील थापलं. गळती होती तशीच राहिली, उरलासुरला फवारा तेवढा बंद झाला. मग भोक मोकळं करायला टाचणी घातली. नोजलात एक बारीक गोळी असते, ती फिरली की फवाऱ्याची दिशा फिरते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पुढच्याच सिग्नलला दांडी ओढली, तर पिचकारी थेट शेजारच्या मोटारसायकलवाल्याच्या चष्म्यावर. "ओ काका, होळीला टाइम आहे अजून!" माझी काच कोरडी आणि त्याची स्वच्छ.

घरी सौ. म्हणाली, "अहो, हिवरेबाजारात दरवर्षी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात. आपण गाडीचा मांडू या." आणि खरोखर कॅलेंडरवर लिहिलं: जमा दोन लिटर, वापर शून्य, शिल्लक शून्य. एवढ्यावर न थांबता तिने गाडीचं पाणी जिथे टपकायचं तिथे कढीपत्त्याची कुंडी आणून ठेवली.

अखेर लग्नाची पत्रिका द्यायला मेहुणा आला. राहुरी तालुक्यातला, कृषी विद्यापीठाच्या शेजारचा शेतकरी. ऊस सगळा ठिबकवर. चहा अर्धा ठेवून त्याने बॉनेट उघडलं.

"दाजी, हे तर ठिबकच आहे की. हा पंप, ही मेन लाइन, हा टी आणि हे दोन ड्रिपर. तुम्ही नुसत्या ड्रिपरच्या मागं लागलाय. लाइन माथ्यापासून बघायची असते."

लाइन बघितली. इंजिनाच्या उष्णतेने नळी वाळून बोंबलासारखी झालेली, टीपाशी आणि नोजलांखाली तडकलेली. आमच्या बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी भोकं बुजत आलेली, त्यावर माझं एमसील. पंप पाणी ढकलायचा, पुढे दार बंद, मग ते तडकलेल्या नळीतून वाट काढायचं. शेतात ड्रिपर क्षाराने चोंदले की आम्लाचं पाणी सोडतात. इथे त्याने एमसील खरवडून नोजलं सौ.च्या चायनीजच्या व्हिनेगरमध्ये बुडवली. मग पिकअपमधून मायक्रोट्यूबचा तुकडा आणला, टोकं गरम पाण्यात मऊ केली आणि जुन्या नळीच्या जागी चढवली. राहिलेला चहा प्यायला. दांडी ओढली, तर काचेवर दोन सरळ, देखणी कारंजी! मी अभिमानाने शेजाऱ्यांना बोलावलं.

सकाळी टाकी पुन्हा रिकामी.

मेहुणा मुक्कामीच होता. तो बॉनेटकडे बघेना, जमिनीकडे बघत बसला. "दाजी, गाडी रोज अशीच लावता?"

आमच्या फाटकात चढाचा रॅम्प आहे. गाडीचं तोंड घराकडे, म्हणजे वर. टाकी पुढे, नोजलं मागे. टाकीतलं पाणी नोजलांच्या वर चढायचं, आणि भरलेल्या नळीतून आपोआप खाली यायचं. असं पाणी अडवायला नळीत स्प्रिंगची एक झडप असते, ती कधीच म्हातारी झाली होती. "पाटाला कुठं पंप लागतो?" मेहुणा म्हणाला. खरंच आहे. निजामशाहीत कापूरवाडीकडून या शहरात खापरी नळांनी पाणी आणलं, तेही उताराच्याच जोरावर. ते कळून-सवरून केलेलं होतं, एवढाच काय तो फरक.

"मग आता उपाय?"

"गाडी उलटी लावा."

एकही पैसा लागला नाही, याचं मला आजवर वाईट वाटतं. मागे घेताना पहिल्या आठवड्यात फाटकाचा एक खांब आणि मागचा दिवा गेला, तो खर्च ताळेबंदात धरलेला नाही.

टाकी आता महिनाभर पुरते. कढीपत्त्याने मात्र पाचव्या दिवशी पानं टाकली, तेव्हा त्याला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालण्याचं काम माझ्याकडे आलं आहे.