गरीब रुग्ण कसे व्हावे : इयत्ता पहिली

आजारी कोणीही पडतं. गरीब असून आजारी पडायचं, तर अभ्यास लागतो. पिंपळे सौदागरात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या किंवा गेटवर बारा-बारा तास ड्युटी करणाऱ्या होतकरूंसाठी हे प्राथमिक धडे.

ताप येण्याआधी दवाखाना कोणत्या खात्याचा, ते विचारून ठेवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सगळं मोफत झालं. जगताप डेअरीवरून सांगवी फाट्याला गेलात, तर औंधचं जिल्हा रुग्णालय त्यात बसतं. संत तुकारामनगरचं वायसीएम मात्र महापालिकेचं, आणि ससून वैद्यकीय शिक्षणवाल्यांचं. त्या निर्णयात ही दोन्ही नाहीत. खोकला एक, खाती तीन.

धर्मादाय रुग्णालय हवं असेल, तर घरचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत ठेवा. मग तुम्ही ‘निर्धन’, उपचार फुकट. ३ लाख ६० हजारांपर्यंत ‘दुर्बल’, बिल निम्मं. दोघांसाठी दहा-दहा टक्के खाटा राखीव असतात. दाखला तहसीलमधून येतो. तो हातात पडेपर्यंत आजाराने दम धरावा.

महात्मा फुले योजनेत आता पांढऱ्या रेशन कार्डालाही ५ लाखांचं कवच आहे. अट एवढीच, की दाखल व्हायला हवं. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळीसाठी कोण दाखल करून घेणार? तेव्हा गोळ्या चुकवत राहा. मूत्रपिंडं गेली, की डायलिसिस योजनेत बसतं.

‘फुकट दिलं की किंमत राहत नाही’ असं तुमच्या सोसायटीतले काका म्हणतील. वाद घालू नका, तुमचं कामही त्यांच्याच घरी असतं. इंग्लंडात यावर मंत्री गेले: १९५१ साली चष्मे आणि कवळ्यांना पैसे लावले म्हणून तिथली मोफत आरोग्यसेवा उभी करणाऱ्या बेव्हननी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी औषधाच्या चिठ्ठीलाही एक शिलिंग लागला. वेल्सने २००७ मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये तो आकार काढून टाकला. इंग्लंडात आजही आहे, पण अगदी कमी उत्पन्नवाल्यांना माफ. त्यांचं भांडण निदान औषधावरून तरी झालं. आपण केसपेपरच्या चिल्लरीवर भांडतो आणि खरा आकार कोऱ्या चिटोऱ्यावर लिहून मिळतो: ‘शिल्लक नाही, बाहेरून आणा.’

हे चिटोरं जनऔषधी केंद्रात चालेलच असं नाही, कारण त्यावर बहुधा कंपनीचं नाव असतं. डॉक्टरांनी जेनेरिक नावच लिहावं, असा नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि त्याच महिन्यात स्थगितही झाला.

आता मेडिकल. काउंटरवर पूर्ण कोर्स मागू नका. आधी ‘किती होतील?’ विचारा, मग ‘दोनच दिवसांच्या द्या’ म्हणा. मेडिकलवाला कात्रीने स्ट्रिप कापेल. एक्स्पायरीची तारीख त्याच्याकडच्या तुकड्यावर राहील. ती मागायची नसते. उरलेल्या गोळ्या पगारानंतर. पगार सात तारखेला होतो, तोवर ताप अंगावर काढा.