राजघराण्याची मालिका पाहून मत कसे द्यावे? परभणीकर प्रेक्षकासाठी मार्गदर्शिका

कापसाचा भाव, लोअर दुधनाचे पाणी आणि जिल्हा परिषदेचे तिकीट या तीन विषयांवर मत द्यायला परभणीकराला कुणाच्या मार्गदर्शनाची गरज पडत नाही. पण इंग्लंडच्या राजघराण्यावरची ‘द क्राउन’ पाहून झाली की हाच गडी एकदम नरमतो. 2016 ते 2023 या काळात नेटफ्लिक्सवर आलेली सहा पर्वे, त्यांचे साठ भाग, तीन वयांच्या तीन राण्या, एवढे सगळे रात्री जागून पाहिल्यावर तोंडातून निघते काय, तर ‘भारी आहे’. साठ भागांच्या जागरणाचे हे पीक फारच कमी उतरले. म्हणून ही मार्गदर्शिका. ती नीट पाळली तर चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत किंवा पूर्णा गाठेपर्यंत रेल्वेच्या डब्यात कोणत्याही राजघराण्यावर ठाम मत देता येईल, आणि त्या मताला प्रजेचा वाराही लागणार नाही, याची हमी.

पहिली पायरी पात्रतेची. कुणीतरी हटकणारच, की लंडनच्या राणीशी तुमचा संबंध काय? गांगरू नये. 20 नोव्हेंबर 1947 रोजी राजकन्या एलिझाबेथचे लग्न झाले, तेव्हा हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी तिला कार्टियरकडचा हिऱ्यांचा हार आणि शिरोभूषण आहेर म्हणून दिले. दागिने तिनेच पसंत करावेत, अशी सोयही करून ठेवली होती. परभणी तेव्हा याच निजामाच्या राज्यातला जिल्हा. त्या दिवसांत इकडे स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा पेटला होता, रझाकारांच्या धाकाने लोक सरहद्दीपलीकडे जात होते, आणि राज्य भारतात येणार की नाही याचाही पत्ता नव्हता. आहेराचे काम मात्र अडले नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला मुहूर्त लागत नाही. यावर एखादा अभ्यासू म्हणेल की आहेर निजामाच्या खाजगीतून गेला, परभणीच्या शेतसाऱ्याचा त्यात संबंध नाही. आक्षेप अगदीच बिनबुडाचा नाही. दिवाणी मुलखाचा सारा सरकारी खजिन्यात आणि सर्फ-ए-खास मुलखाचा निजामाच्या खाजगीत, अशा दोन वेगळ्या वह्या होत्याच. पण खाजगी मुलखातही ज्वारी पेरणारा कुणबीच होता, आणि सरकारी खजिन्यातूनही निजामाला दरसाल मोठी रक्कम जात असे. तेव्हा त्या हारात आपल्या आजा-पणजाचा एक रुपयाही नव्हता, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. आपण गुंतवणूकदार आहोत. गुंतवणूकदाराला मत असतेच.

दुसरी पायरी सहानुभूतीची. ती नेहमी वरच्या मजल्यावरच्या माणसाला द्यावी. तिसऱ्या पर्वात ॲबरफॅनचा भाग आहे. 21 ऑक्टोबर 1966 रोजी वेल्समधल्या या गावात कोळशाच्या खाणीतल्या कचऱ्याचा डोंगर घसरून शाळेवर आला. 144 माणसे गेली, त्यांत 116 लेकरे होती. राणी आठ दिवसांनी तिथे पोचली. हा भाग पाहून आदर्श प्रेक्षकाने पुढीलप्रमाणे बोलावे : ‘बिचारीला रडूसुद्धा येत नव्हतं हो, काय तिच्या मनाचं झालं असेल!’ एवढ्यावर थांबावे. हा डोंगर झऱ्यावर रचला गेला होता, चौकशीत दोष सरकारी कोळसा मंडळावर आला, आणि तरीही उरलेले ढिगारे हटवायला दीड लाख पौंड घेतले गेले ते पीडितांसाठी लोकांनी जमवलेल्या मदतनिधीतून, या गोष्टी चर्चेत आणू नयेत. त्या आणल्या की बोलणे राणीच्या डोळ्यांतल्या पाण्यावरून कुणाच्या तरी हिशेबावर जाते आणि पंगतीतला रंग उडतो.

तिसरी पायरी खऱ्या-खोट्याची. मत रंगतदार करायचे असेल तर ‘हे असं झालंच नव्हतं’ हे वाक्य दर दहा मिनिटांनी टाकावे. तुमची संगत मोठी आहे. 2020 मध्ये ब्रिटनच्या सांस्कृतिक खात्याच्या मंत्र्यांनीच मालिकेवर ‘हे काल्पनिक आहे’ अशी पाटी लावा म्हटले, 2022 मध्ये अभिनेत्री ज्युडी डेंच यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून तीच मागणी केली. उलट बाजूला कलास्वातंत्र्यवाले उभे आहेत. बंद दाराआडचे संवाद लेखकाने रचायचे नाहीत तर कुणी रचायचे, हा त्यांचा सवाल बरोबर आहे. हा वाद कितीही वेळ चालवता येतो, कारण तो बिनधोक आहे. नवरा-बायको नेमके काय बोलले यावर दोन्ही पक्ष भांडतात. साठ भागांचा प्रकाश एकाच घरावर का, हे दोघांपैकी कुणी विचारत नाही. संवाद शंभर टक्के खरे असते तरी प्रजा चौकटीच्या बाहेरच राहिली असती.

इथवर पोचलेल्या प्रेक्षकाने चौथ्या पायरीवर स्वतःची परीक्षा घ्यावी. समजा, उद्या निजामाच्या घराण्यावर मालिका आली. मसाला कमी नाही. 1931 मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात थोरल्या शहजाद्याचे लग्न तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाच्या मुलीशी झाले. पुढे निजामाने त्याच मुलाला डावलून नातवाला, मुकर्रम जाहला, वारस केले. 1967 मध्ये गादी नातवाकडे आली, पण मागे राज्य उरले नव्हते. हा नातू ऑस्ट्रेलियात मेंढपाळीच्या विशाल रानावर जाऊन राहिला, 2023 मध्ये इस्तंबूलला वारला आणि हैदराबादच्या मक्का मशिदीत दफन झाला. शिवाय सप्टेंबर 1948 मध्ये लंडनच्या बँकेत पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या खात्यावर पाठवलेले दहा लाख पौंड आहेतच. ते वाढून साडेतीन कोटी झाले आणि त्यांचा निकाल 2019 मध्ये भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने लागला. बापलेकाचा दुरावा, राज्याविना राजा, विजनवास, सगळे आहे. आता वरची दुसरी पायरी इथे लावून पाहावी आणि ‘बिचारा निजाम’ असे मोठ्याने म्हणून पाहावे. दर 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाचे झेंडावंदन करणाऱ्या जिल्ह्यात हे शब्द घशात अडकतात. इथे प्रेक्षकाला लगेच आठवते, की मालिका घरातल्या माणसांविषयी बोलतेय आणि सारा भरणाऱ्यांविषयी गप्प आहे. लंडनच्या राणीविषयी ही आठवण होत नाही, कारण तिचा वसूलदार आपल्या ओट्यावर कधी बसला नव्हता.

यावर शेवटचा आक्षेप असा, की राजा झाला तरी माणूसच, त्याच्या दुःखाला रडू नये का? जरूर रडावे. 2006 च्या ‘द क्वीन’ या चित्रपटात हेलन मिरेनने डायनाच्या मृत्यूनंतरची राणीची कोंडी जी उभी केली, तिला ऑस्कर मिळाले ते उगाच नाही. हे मानले तरी एक गोष्ट सुटत नाही. राजाचे माणूसपण दाखवायला महाल, घोडे, पोशाख आणि साठ तास मिळतात. प्रजेच्या माणसाला खिडकीबाहेर झेंडी हलवायला जेमतेम चार सेकंद. दुःख दोघांनाही असते, पडदा एकालाच मिळतो. ही लेखकाची चूक म्हणून सोडून देता येत नाही, कारण आपण प्रेक्षकही तेच मागतो. शेतसारा भरणाऱ्याची साठ भागांची मालिका आली तर दुसऱ्या भागाला आपण झोपून जाऊ.

म्हणून या मार्गदर्शिकेतल्या पहिल्या तीन पायऱ्या पाठ कराव्यात आणि मग विसरून जाव्यात. राजघराण्याच्या मालिका खुशाल पाहाव्यात. अभिनय चांगला असतो, घरेही पाहण्यासारखी असतात. पण मत देण्याआधी डोळ्यांसमोरच्या दृश्याला एक साधा, गावंढळ प्रश्न विचारावा : या सगळ्याचा खर्च कुणी केला? त्याचे उत्तर ज्या मतात नाही, ते मत कितीही ठाम असले तरी दरबारातल्या मुजऱ्यापलीकडे त्याची किंमत नाही.