खोडदला फुकट, नारायणगावला क्रॅक

नारायणगावात टोमॅटोचा भाव जितक्या ठामपणे सांगतात, तितक्याच ठामपणे मोबाइलबद्दलची मतंही सांगतात. फरक एवढाच की टोमॅटोचा भाव दुपारपर्यंत बदलतो. ज्याच्या खिशात हप्त्यावरचा आयफोन असतो, तो अँड्रॉइडवाल्याकडे कीव आल्यासारखं बघतो. अँड्रॉइडवाला म्हणतो, त्या पैशात एक गाय आली असती. तिसऱ्याच्या फोनची काच तडकलेली असते आणि त्याचं मत सगळ्यांत भेदक असतं: फोन आपलं सगळं बोलणं ऐकतो. ही खबर तो व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज टाकून चार ग्रुपना कळवतो.

या चर्चेला पाठ करून थोडं पूर्वेला गेलं की खोडद. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या एनसीआरए केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. जग तिला जीएमआरटी म्हणतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. त्यांतल्या १४ खोडदजवळच्या साधारण चौरस किलोमीटरभर जागेत दाटीने उभ्या आहेत, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत, लोकांच्या शेतांच्या आगेमागे विखुरलेल्या.

दुर्बिणीबद्दलही पंचक्रोशीची मतं तयार आहेत. मोबाइलला रेंज नाही? दुर्बीण. रेल्वे आली नाही? दुर्बीण. यातलं रेल्वेचं मत अगदीच हवेतलं नाही. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावजवळून जाणारा मार्ग दुर्बिणीला बाधा येईल म्हणूनच बाजूला पडला, आणि रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी तसं जाहीरपणे सांगितलं. रेंजचं मात्र उलटं आहे. दुर्बीण हवेत काहीच सोडत नाही, ती नुसती ऐकते, आणि ऐकणाऱ्याच्या कानाशी गोंगाट नको म्हणून आसपास टॉवर उभा करताना आधी तिची अडचण बघावी लागते. म्हणजे आपल्या फोनमुळे तिला त्रास, आणि बोलणी खायची तिने.

ही दुर्बीण उभी राहिली रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या डोक्यातून. एवढ्या मोठ्या थाळ्या पत्र्याच्या केल्या असत्या तर वारा आणि बजेट दोन्ही आडवे आले असते. म्हणून स्टीलच्या दोरांवर बारीक तारेची जाळी ताणून बसवली. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका चालतो आणि खर्च आटोक्यात राहतो. हे तंत्र गावातल्या कुणालाही पाच मिनिटांत समजावून सांगता येतं, कारण त्यात झाकून ठेवलेलं काही नाही.

आता या थाळ्यांच्या पोटात काय चालतं, ते नारायणगावच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने ऐकलं तर त्याचा विश्वास बसणार नाही. थाळ्यांकडून येणारे संकेत एकत्र गुंफायला सुरुवातीला खास घडवलेली यंत्रणा होती. २०१० च्या सुमारास तिच्या जागी काय आलं? बाजारात मिळणारी कार्डं, ४८ साध्या सर्व्हरचा ताफा आणि त्यावर लिनक्स. नंतर दुर्बिणीचा विस्तार झाला, तेव्हा तिच्या नियंत्रणासाठी टँगो नावाची प्रणाली घेतली. ती मूळची फ्रान्समधल्या एका प्रयोगशाळेची, आणि तिचा सोर्स कोड उघडा. संकेतांची चित्रं करायला जगभरचे खगोलशास्त्रज्ञ एप्स आणि कासा ही अमेरिकी वेधशाळेची सॉफ्टवेअरं वापरतात. एप्सचं काम १९७८ साली सुरू झालं आणि त्याची चाकं अजून फिरतात. लायसन्सची किंमत शून्य.

‘फुकट ते पौष्टिक’ असं आपल्याकडे म्हणतात खरं, पण म्हणताना ओठ किती वाकडे होतात ते बघा. फुकटात मिळालेलं सॉफ्टवेअर म्हणजे काहीतरी खोट असणारच, ही आपली पक्की खात्री. पण १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरायला निघालं, तेव्हा त्याचा क्षीण संदेश खोडदच्या थाळ्यांनी पृथ्वीवर बसून टिपला. उतरण्याच्या थोडं आधी तो थांबला, पुढे कळलं की यान आपटलं. मंगळावरचं आपटणं खोडदला कळतं. त्याच दिवशी तालुक्यातल्या किती ऑफिसांत शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर कॉम्प्युटरला दिसत नव्हता, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

मार्केटच्या मागच्या गल्लीतल्या कुठल्याही डीटीपीच्या दुकानात जा. लग्नसराई तोंडावर आहे. कोपऱ्यातल्या मशीनवर चिठ्ठी चिकटवलेली असते: ‘हात लावू नये.’ मशीनवर विंडोजची कधीचीच निवृत्त झालेली आवृत्ती असते. मशीनला नेट जोडलेलं नसतं, कारण जोडलं की व्हायरस येतो आणि अपडेट आला की पत्रिका जुळवायचं पेजमेकर मरतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ सालची. ॲडोबीने त्यानंतर त्याची नवी मोठी आवृत्ती काढली नाही. पण जुन्नर-आंबेगावातल्या कितीतरी जोडप्यांच्या गाठी त्यानंतरही पेजमेकरमध्येच बांधल्या गेल्या. जोडीला मराठी फॉन्टचं पॅकेज, आणि अस्सल घेतलेलं असेल तर कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलेलं डोंगल. डोंगल काढलं की मराठी संपली.

एखादा मुलगा म्हणतो, ‘काका, पत्रिकेची फाइल मला पाठवा, घरी थोडं बदलतो.’ काका पाठवतात. मुलगा घरी फाइल उघडतो, तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण, दोन कंस आणि टक्के. कुलस्वामिनीच्या नावात एक प्रश्नचिन्ह. आजोबांच्या जागी नुसता चौकोन. याचं कारण फार गूढ नाही. हे जुने फॉन्ट मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवतात. तो फॉन्ट असेल तोवर इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी वळण दिसतं, फॉन्ट नसला की खालची इंग्रजी खुर्ची उघडी पडते. आणि प्रत्येक कंपनीची बसवायची पद्धत वेगळी, म्हणजे एकीच्या फॉन्टमधली वधू दुसरीच्या फॉन्टमध्ये टाकली की वधूही राहत नाही आणि वरही राहत नाही.

यावरचा उपाय, युनिकोड, १९९१ पासून जगात आहे आणि देवनागरी त्यात पहिल्या आवृत्तीपासून आहे. शासनाने युनिकोड वापरा म्हणून आदेश काढूनही वर्षं झाली. आदेश निघाला की काम झालं, अशी आपल्याकडे पद्धत आहे. अर्थात काकांचंही ऐकायला हवं. जुनं पेजमेकर युनिकोड मानत नाही, युनिकोडचे सुबक फॉन्ट छपाईत पुरेसे मिळायला फार वेळ लागला, आणि पन्नास पत्रिकांच्या ऑर्डरीत कुणी सोळा संस्कार करून देत नाही. त्यांच्या मशीनवर पंधरा-वीस वर्षांच्या पत्रिका, दशक्रियेची निवेदनं, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका साठलेल्या आहेत. आख्ख्या गल्लीचा इतिहास एका बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या आधाराने उभा आहे. हार्ड डिस्कने मान टाकली तर त्या इतिहासाची चावी कुणाकडे?

‘पण आम्ही कुठे पैसे देतो? क्रॅक मारलेलंच आहे,’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक दुकानात असतो आणि आपण अमेरिकेला गंडवलं, अशा समाधानात चहा पितो. त्याला बिल गेट्स यांचं जुनं बोलणं कुणी सांगत नाही. १९९८ मध्ये चीनमधल्या चोरीबद्दल बोलताना त्यांनी सांगून टाकलं होतं की लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं. सवय लागली की पुढे कधीतरी वसुली करता येईल, हा हिशोब त्यामागे होता. गंडवलं कुणी कुणाला, ते क्रॅकवाल्याने चहा संपल्यावर ठरवावं. २०१३ पासून ॲडोबीने आपल्या मोठ्या सॉफ्टवेअरांच्या नव्या आवृत्त्या विकायच्या बंद करून महिन्याच्या भाड्याने द्यायला घेतल्या. सवय लागलेली माणसं भाडं भरतात.

सवय लावण्याची जबाबदारी आपल्या राज्याने मात्र मनापासून पार पाडली. २००२ पासून एमएससीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स आहे. सरकारी नोकरीला ते लागतं, आणि नसलं तर पगारवाढ अडते. त्यातलं एमएस म्हणजे मायक्रोसॉफ्ट असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं, ते खरं महाराष्ट्र स्टेट आहे. पण गैरसमज करून घेणाऱ्याला दोष कसा द्यावा? वर्षानुवर्षं क्लासमध्ये उघडलं गेलं ते विंडोज, वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट. मोटार चालवायला शिकवायच्या ऐवजी एकाच कंपनीच्या गाडीत बसायला शिकवलं. केरळने त्याच काळात सरकारी शाळा लिनक्सवर नेल्या. तिथली पोरं दहावीपर्यंत त्यावरच शिकतात आणि जगात कुठेही गेली तरी त्यांना वर्ड उघडता येतं. आपल्याकडे लिनक्स म्हटलं की विचारतात, ‘त्यात टॅली चालतं का?’ प्रश्न गैर नाही. आडत्याचा हिशोब टॅलीत, सीएची फाइल टॅलीत, मग बिचाऱ्याने जायचं कुठे? दुकानदार अडकलेला असतो तो त्याच्या गिऱ्हाइकामुळे, आणि गिऱ्हाईक अडकलेलं असतं दुकानदारामुळे. कंपनीला नुसतं बघत बसायचं असतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरचा हात काढून घेतला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते. त्यामुळे धडधाकट चालणारी किती मशीनं एका तारखेला म्हातारी ठरली. तालुक्याच्या गावांत याचा निषेध झाला नाही, कारण तिथे विंडोज १० अजून नवं समजतात.

अडकणं म्हणजे काय, ते त्याआधी तीनच महिने एका मोठ्या कंपनीने अनुभवलं. गुजरातेत वाडीनारला तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जीवर रशियन भागीदारीमुळे युरोपीय संघाने निर्बंध घातले. ते भारताला लागू नव्हते. तरी जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने नायराची ईमेल आणि इतर सेवा थांबवल्या. पैसे भरलेले, लायसन्स अस्सल, क्रॅकचा वास नाही, आणि ऑफिसचं मेल बंद. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत सुरू झाल्या.

यानंतर देशभर स्वदेशीची लाट आली. खोडदसाठी रेल्वेचा मार्ग बाजूला ठेवणारे वैष्णव इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञानमंत्रीही आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी आपली कागदपत्रं झोहोवर नेत असल्याचं जाहीर केलं. मग तमिळनाडूच्या या कंपनीचं अरट्टाई ॲपही धडाधड उतरवलं गेलं. नारायणगावातही ते पोचलं. लोकांनी ते घेतलं आणि त्याची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली. झोहो आपली कंपनी आहे, कामही चांगलं करते. पण तिच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोडही बंदच आहे. तिजोरी मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडहून झोहोच्या चेन्नईला आली याचा आनंद जरूर करावा, फक्त किल्ली आपल्याकडे आली असं समजून पेढे वाटू नयेत.

आता कुणी म्हणेल, खोडदचे शास्त्रज्ञ तरी कुठे सोवळ्यातले? बरोबर आहे. विस्तारानंतर तिथली आकडेमोड एनव्हिडियाच्या जीपीयू कार्डांवर चालते आणि त्या कार्डांची भाषा, कुडा, एनव्हिडियाच्या मालकीची. त्याच यंत्रणेतल्या दुसऱ्या पाट्या मात्र कॅस्पर या उघड्या आराखड्यांच्या आंतरराष्ट्रीय मंडळींकडून आलेल्या. म्हणजे गरज पडली तिथे मालकाचं घेतलं, जमलं तिथे सार्वजनिक घेतलं. निरीक्षणं मात्र त्यांनी कुणाच्या कुलपात ठेवली नाहीत, आणि पत्रिकावाल्या काकांपेक्षा त्यांचं वेगळेपण एवढंच.

खगोलशास्त्रात माहितीची देवाणघेवाण होते ती फिट्स नावाच्या फाइलीत. १९८१ साली तिचं स्वरूप छापून जाहीर झालं. ही फाइल साध्या टेक्स्ट एडिटरात उघडली तरी वरचा भाग वाचता येतो: कुठली दुर्बीण, कुठली तारीख, आकाशातली कुठली जागा, कुठली वारंवारता. एकेक ओळ ८० अक्षरांची, पंचकार्डांच्या जमान्यातून आलेली. नवीन सुधारणा करायची तर जुनी फाइल वाचता आलीच पाहिजे, असा दंडक आहे. तो इतका भरवशाचा निघाला की व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपली मध्ययुगीन हस्तलिखितं स्कॅन करून याच फाइलींत ठेवली. पोपच्या पोथ्या खगोलशास्त्रज्ञांच्या फाइलीत सुखरूप आहेत, आणि २००४ सालची वारुळवाडीची लग्नपत्रिका डोंगलच्या कृपेवर.

खोडदला आणखी एक रिवाज आहे. ज्या शास्त्रज्ञाने निरीक्षण केलं त्याचा त्यावरचा हक्क १८ महिन्यांचा. नंतर ते कुणालाही मिळतं. २०१० ते २०१२ मध्ये इथल्या थाळ्यांनी १५० मेगाहर्ट्झवर आकाश पाहून ठेवलं होतं. ते निरीक्षण नेदरलँड्सचे हुइब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा नव्याने गाळून घेतलं आणि ६ लाखांहून जास्त रेडिओ स्रोतांची यादी जगापुढे ठेवली. परवानगीसाठी कुणाच्या दारात बसावं लागलं नाही, फॉन्टही मागावा लागला नाही.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं, तालुक्यातल्या शाळा लोटतात. जाणार असाल तर थाळ्यांजवळ फोन बंद ठेवा. आणि त्याआधी एका संध्याकाळी आपल्या डीटीपीवाल्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन जा. घरची वंशावळ, पतसंस्थेचा अहवाल, शाळेची स्मरणिका, जे काही जुन्या फॉन्टमध्ये अडकलं असेल ते युनिकोडमध्ये काढून मागा. रूपांतर करणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. काकांना त्यांच्या वेळेचे पैसे मात्र द्या.