पोटातून!

रविवारी सकाळी साडेआठला, मोठ्यांची उपासना सुरू व्हायच्या आधी, चर्चच्या मागच्या खोलीतून असा काही गलका येतो की नवखा माणूस फाटकातच थबकतो. आत मारामारी चालली असावी, असं त्याला वाटतं. नगरचा माणूस मात्र शांतपणे सायकल भिंतीला लावतो आणि म्हणतो, "शब्बाथ शाळा आहे. बाई गाणं बसवतायत."

या बाई एकट्या आमच्याच नव्हेत. जिथे मराठी मंडळी आहे, तिथे अशा एक बाई असतातच. वय पन्नास आणि ऐंशीच्या मधे कुठेतरी. नजरेत निवृत्त शिक्षिकेची जरब, पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या. आणि गळा? बाईंच्या गळ्याबद्दल मंडळीत कुणी बोलत नाही. पाळकसाहेबही तो विषय प्रार्थनेवर सोडतात.

बाईंची पेटी त्यांच्याच वयाची. भात्याला चिकटपट्टी, दोन पट्ट्या कायमच्या मुक्या. त्या सुरांच्या जागी बाई स्वतः गातात, त्यामुळे पेटी कुठे बंद पडली ते बाहेरच्यालाही बरोबर कळतं. नवी घ्या म्हटलं तर उत्तर तयार असतं : "1818 साली ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फ गावात ‘सायलेंट नाइट’ पहिल्यांदा गायलं, ते नुसत्या गिटारवर. अडलं का कुणाचं?" ओबेर्नडॉर्फच्या गवयांना सूर लागत होता, हे बाईंना सांगायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही.

‘उपासना संगीत’ बाईंना क्रमांकानिशी पाठ. मंडईत भाजीवाल्याने मेथी-वांग्यांचे एकशे वीस रुपये झाले म्हणून सांगितलं, की बाई त्या क्रमांकाचं गीत गुणगुणायला लागतात. भाजीवाला बिचारा दर खटकला समजून पाच रुपये कमी करतो.

इंग्रजी चालीच्या गीतांवर बाईंचा राग नाही, पण जीव देशी चालींवर. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पुढे अभंग-ओवीच्या वळणाने ख्रिस्ताची गीतं लिहिली, म्हणून आज आपल्या देवळात टाळ वाजतो, हे त्या दर रविवारी सांगतात. इतक्यांदा, की आमच्यातल्या एकाने शाळेच्या पेपरात ‘ख्रिस्तायन’ लोकमान्यांच्या नावावर लिहून टाकलं. गुरुजींनी शून्य दिलं. बाईंनी मात्र त्याला दोन गोळ्या दिल्या. "टिळक चुकला असेल, ग्रंथ तर बरोबर आहे ना!"

बाईंची शिकवायची पद्धत साधी. आधी त्या ओळ म्हणणार, मग पोरं ओळीसारखं काहीतरी म्हणणार. ‘हालेलूया’चं बालवर्गात ‘हालवू या’ होतं आणि पहिल्या रांगेतली चार पोरं खरोखरच बाक हालवायला लागतात. ‘होसान्ना’चं ‘हो, सांगा ना’ होतं. बाई रागावत नाहीत. "देवाला कळतं," म्हणतात, "तुम्ही फक्त मोठ्याने म्हणा."

मोठ्याने, म्हणजे पोटातून. धृपद संपलं की दुसरं कडवं उचलायच्या आधी बाई पेटीवर थाप मारून ओरडतात, "पोटातून!" हे इतक्या नेमाने, की पोरांना तोही गाण्याचाच भाग वाटतो. एका नाताळच्या कार्यक्रमात टॉवेल बांधलेले मेंढपाळ, कागदी पंखांचे देवदूत आणि पांघरुणात शिरलेली दोन मेंढरं अशी सगळी फौज मंचावर होती. धृपद झालं. भरल्या चर्चमध्ये चाळीस पोरांनी एका दमात आरोळी दिली, "पोटातून!" आणि दुसरं कडवं सुरू केलं. तेवढा एकच शब्द त्या दिवशी सगळ्यांचा एका सुरात लागला होता.

त्या चाळिसात मी धरला तर एकेचाळीस. मी मागच्या रांगेत होतो. तालमीच्या तिसऱ्याच रविवारी बाईंनी मला जवळ बोलावून, गालावरून हात फिरवून सांगितलं होतं, "बाळा, तू नुसते ओठ हालव हं. देवाला कळतं." गोळी दिली, तीही इतरांपेक्षा एक जास्त. पुढची सहा वर्षं मी निष्ठेने ओठ हालवले. त्यातून झालं असं, की सूर गळ्यात कधी आला नाही, पण शब्द सगळे डोक्यात जाऊन बसले. आज मला चारही कडवी पाठ आहेत. ज्यांचे गळे गोड होते, ते दुसऱ्या कडव्यापासून पुस्तक उघडतात.

परवा पुण्यात एका लग्नाला गेलो होतो. चकाचक चर्च, नवाकोरा कीबोर्ड, ओळखीचं कुणी नाही. मंडळी गीताला उभी राहिली. धृपद संपलं, आणि त्या क्षणभराच्या शांततेत माझ्या तोंडून हळूच निघून गेलं, "पोटातून!" मी ओशाळून खाली बघितलं. तर पुढच्या रांगेतल्या टकलू गृहस्थांनीही तेच पुटपुटलं होतं, आणि खांबापाशी उभ्या असलेल्या एका बाईंनीही.

जेवणाच्या पंगतीत चौकशी केली. तिघंही नगरचे निघालो.